वरणाची बादली

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नऊ वर्षांनी पुन्हा हातात खडू धरला. बोटांना सवय आहे, हे पहिल्याच ओळीत कळलं. फळ्यावरची माझी ओळ अजूनही सरळ जाते.

इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका वर्षाराणी मॅडम मागच्या आठवड्यात घरी आल्या होत्या. सातवीच्या मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आहेत, जानेवारीत वाचनाची चाचणी आहे, आणि पोरं एकाच प्रश्नाला अडतात: ‘कथेचे आशयसूत्र सांगा.’ मॅडम म्हणाल्या, “सर, तुमी वाशिमले उभी नोकरी हेच शिकवलं. दोन महिने आमच्या पोराइले द्या.” मी म्हटलं, विचार करून सांगतो. चहा संपायच्या आत हो म्हणून बसलो होतो. ज्योत्स्ना आतून हसली. बायको चाळीस वर्षं ओळखते, त्याचा हा तोटा.

वर्गात एकोणीस पोरं. मी एक छोटी गोष्ट सांगितली. एका बाईला लग्नात शिलाई मशीन मिळते. चांगल्या दिवसासाठी म्हणून ती ते वीस वर्षं झाकून ठेवते. शेवटी नातीच्या फ्रॉकसाठी उघडते तर दोरा कुजलेला, आणि तिलाही आता सुईत दोरा ओवायला दिसत नाही. मग विचारलं, ही गोष्ट नेमकी कशाची आहे? पंधरा जणांनी लिहिलं, ‘वस्तूंची निगा राखावी.’ तिघांनी लिहिलं, ‘आळस करू नये.’ अंकुर नावाच्या पोराने लिहिलं, ‘मशीनला वेळेवर तेल द्यावे.’ त्याच्या बापाचा जऊळक्याच्या रस्त्याला भाजीचा मळा आहे, तेव्हा पोरगं व्यवहारी असणारच.

म्हणजे दुखणं कळलं. गोष्ट संपली की उपदेश काढायचा, असं यांना वाटतं. महिन्याभरात मोडून काढतो.

पहिल्या बाकावर राधिका नावाची मुलगी आहे. हजेरी घेताना आडनाव माझंच निघालं. जगदेवदादाची नात. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. त्याचं घर गावात, माझं स्टेशनकडच्या प्लॉटवर, मधे दहा मिनिटांची वाट. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. मी तिच्याकडे इतर पोरांसारखंच पाहिलं. शिक्षकाला हे जमलं पाहिजे आणि मला जमतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज सकाळी ओट्यावर वांग्यांची पिशवी. काटेरी देठाची, लहान, रोडग्याच्या भाजीला लागतात तशी. ज्योत्स्ना म्हणते बाजारातून आणली. आमच्या बाजारात इतकी ताजी वांगी गुरुवारी कशी येतात, देव जाणे. बाईला वस्तू निवडता येते, एवढं खरं.

वर्गात अंकुरनेच मला वाट दाखवली, हे कबूल करतो. मी म्हणत होतो, गोष्टीत वर दिसतं त्याच्या खाली पाहा. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेव्हा अंकुर म्हणाला, “म्हणजे सर, व्यापारी करते तसं? माहा बाप पोत्यात वरून चांगला माल ठेवते. व्यापारी कोपरापर्यंत हात घालते अन् खालचं वांगं काढते.” सगळा वर्ग हसला. मी त्याला पुढे बोलावून तेच पुन्हा सांगायला लावलं. आता आमच्या वर्गात आशयसूत्र कुणी म्हणत नाही. ‘हात घाल’ म्हणतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहिले आहेत, ते पुसायचे नाहीत असं बजावलं. कोणाला काय हवं आहे? आड काय येतं? शेवटी काय बदललं, किंवा काय बदललं नाही? याची उत्तरं आली की गोष्ट कशाची आहे ते एका वाक्यात सांगायचं. ‘करावे’, ‘करू नये’ वाक्यात आलं की शून्य. आणि सगळ्यात मोठा नियम आधाराचा. जे म्हणाल त्याला गोष्टीतला आधार दाखवायचा. आधार असेल तर माझ्या विरुद्ध बोललात तरी गुण देईन.

हे शेवटचं मी नोकरीतही म्हणायचो. तिथे कुणी विरुद्ध बोललं नाही.

आज त्याच मशीनच्या गोष्टीवर राधिकाने लिहिलं, ‘चांगला दिवस कोणता हे तिला कळलंच नाही.’ हुशार आहे. घराण्याची हुशारी कुठे जाते.

३० नोव्हेंबर, रविवार

आवतन आलं. दादाकडे एकवीस डिसेंबरला मळ्यात रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरण आणि सगळ्या गावाला जेवण. दरवर्षीप्रमाणे आवडाबाई वहिनी स्वतः आल्या, दारातच उभ्या राहिल्या. “भावजी, एकवीस तारखेले रोडगे हायेत. त्याहीनं आवतन सांगतलं हाय.” मी बरं म्हणालो. जाताना म्हणाल्या, “अवंदा त्याहीले उभं राहवत नाई जास्त. गुडघे गेले. तरी वरण सोताच वाढीन म्हणतेत, कोणाच्या हाती देत नाईत.”

हट्टी माणूस. गावात वाढप्यांना काय तोटा आहे?

आता कारण लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा मनात घोळायला नको. आमच्याकडे जेवणाचं आवतन आधी जातं. मग पंगत बसायची वेळ झाली की दुसरं बोलावणं येतं, ‘चला, पानं मांडली.’ त्या दुसऱ्या बोलावण्याशिवाय मानाचा माणूस घरातून उठत नाही. ही काही माझी काढलेली रीत नाही.

२०१६ साली मी निवृत्त होऊन नुकताच गावी आलो होतो. दादाचे रोडगे होते. मी पांढरे कपडे घालून दहा वाजल्यापासून ओट्यावर बसलो. बोलावणारा आमच्या गल्लीत आला, शेजारच्या मदनसिंगला हाक मारली, “चला हो, पंगत बसून राह्यली,” आणि माझ्या फाटकावरून सरळ पुढे गेला. मी तीन वाजेपर्यंत बसलो होतो. वर आणखी ऐका. त्याच्या दोन दिवस आधी दादाने माझ्याकडे वरण वाढायची स्टीलची बादली, ओगराळं आणि एक नवा दुपट्टा पाठवला होता. निरोप काय, तर ‘रंग्याले म्हणा घासून आण.’ रंग्या म्हणजे मी. निवृत्त मुख्याध्यापकाला बादली घासायला सांगतात आणि जेवायला बोलावत नाहीत. तेव्हापासून मी त्या घराची पायरी चढलो नाही. दरवर्षी आवतन येतं, दरवर्षी मी तयार होऊन बसतो, आणि दरवर्षी बोलावणारा पुढे जातो.

यंदा मात्र दादाला बोलावणं पाठवावं लागेल. त्याची नात माझ्या वर्गात आहे. लोकलाज म्हणून तरी पाठवेल. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

थंडी चांगलीच पडली आहे. शिकवणं उत्तम चाललंय. अकरा जण आता ‘करावे’ लिहीत नाहीत.

९ डिसेंबर, मंगळवार

आज एक धाडस केलं आणि ते साधलं.

पुस्तकातल्या गोष्टींचे अर्थ पोरं गाइडमधून उचलतात. म्हणून जी गोष्ट कुठेच छापलेली नाही अशी सांगायची ठरवलं. मानोऱ्याकडचं एक गाव, तिथले दोन भाऊ. मोठा शेतकरी, धाकटा शिकून तहसीलदार झालेला. बाकी सगळं जसंच्या तसं: आवतन, बादली, दुपट्टा, शेजाऱ्याला मारलेली हाक, तीन वाजेपर्यंतचं बसणं. गाव बदललं, हुद्दा बदलला. कुणाला सुगावा लागणं शक्य नाही.

वर्ग इतका शांत कधीच नव्हता. पोरं एकमेकांकडे पाहत होती, बाकाखालून एकमेकांना ढोसत होती. गोष्टीत इतकी रंगलेली पोरं मी फार दिवसांनी पाहिली. अंकुरने विचारलं, “सर, त्या तहसीलदाराच्या घरासमोरून रेल्वे जाते काय?” मी म्हटलं, मानोऱ्याला रेल्वे कुठली? तो म्हणाला, “नाई, सहज इचारलं.” राधिका मान खाली घालून सगळं उतरवून घेत होती.

शुक्रवारपर्यंत लिहून आणा म्हटलं. एका वाक्यात, आधारासह. उत्तर मला माहीतच आहे: ‘स्वाभिमान जपताना माणूस एकटा पडतो.’ पोरं तिथवर पोचली की मी जिंकलो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एकोणीस वह्या तपासल्या. एकानेही स्वाभिमान लिहिलेला नाही.

अंकुर: ‘गाव जेवून गेलं आणि दोघं भाऊ उपाशी राहिले.’ मी समासात लिहिलं, मोठा भाऊ उपाशी राहिला हे कुठून काढलंस? सहा गुण. संस्कृती नावाच्या मुलीने लिहिलं, ‘ज्याला हाक हवी होती त्याने स्वतः हाक मारली नाही.’ ठीक. सात.

राधिका: ‘मोठ्या भावाने धाकट्याला घरचा धरलं होतं. धाकटा पाहुणा होऊन बसला.’

मी लाल शाईने ‘आधार?’ लिहिलं आणि चार गुण दिले. चार जरा कमी झाले असतील. पण ती माझ्या भावाची नात आहे म्हणून झुकतं माप देणार नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. राधिकाला उभं केलं. म्हटलं, तुझ्या वाक्याला गोष्टीतला आधार सांग.

ती म्हणाली, “सर, आधार बादली हाय.”

मी म्हटलं, बादली तर अपमान म्हणून पाठवली होती.

“अपमान असं धाकट्याले वाटलं, सर. गोष्टीत मोठा तसं म्हणत नाई. तो फक्त घासून आण म्हणते.” मग म्हणाली, “पाहुण्याच्या हाती कोणी वरणाची बादली देते काय? ज्याच्या हाती बादली देतेत, त्याले जेवाले बलावतच नाईत. तो सकाळपासून तिथंच असते. घरचे वाढतेत अन् शेवटच्या पंगतीत जेवतेत. म्हून बोलावणारा फाटकावरून पुढं गेला.”

मी म्हटलं, आणि मोठा त्याची वाट पाहत होता, असं तू खाली लिहिलं आहेस. त्याला आधार कुठे आहे?

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “त्याले गोष्टीत आधार नाई, सर,” म्हणाली आणि खाली बसली.

नियमाने ती एका मुद्द्यावर हरली. बरोबर तेवढ्याच मुद्द्यावर. घरी येताना मी दादाची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने आलो, म्हणजे रोजच येतो तसा, पण आज तो रस्ता फारच लांब वाटला.

१६ डिसेंबर, मंगळवार

पस्तीस वर्षं शिकवलं. बारा वर्षांच्या पोरीने बादलीवरून मला गप्प करावं, असं काही त्यात नाही. तिचे चार गुण कायम.

तरी बादली कुठे आहे म्हणून पाहायला मागच्या अंगणात गेलो. नऊ वर्षं ती कढीपत्त्याच्या झाडाखाली आहे, मी तिने झाडांना पाणी घालतो. तिथे नव्हती. चुलीजवळ उपडी घातलेली होती, राखेने घासून लख्ख. ओगराळंही. ज्योत्स्नाला विचारलं तर म्हणाली, “भांडी घासता घासता हात गेला तिच्यावर.” नऊ वर्षांत तिचा हात तिच्यावर गेला नव्हता.

मी विचारलं, त्या वर्षी मला बोलावणं आलं नाही ते तुला कसं वाटलं होतं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मले कोणी इचारलं नवतं.” खरं आहे, नव्हतं विचारलं.

२० डिसेंबर, शनिवार

मन स्थिर आहे. उद्या बोलावणं आलं तर जाईन, नाही आलं तर नाही. नियम तो नियम. ज्योत्स्नाला उद्या सकाळी मैत्रिणीकडे काम आहे. दरवर्षी याच दिवशी त्या मैत्रिणीकडे काम कसं निघतं कोण जाणे, आणि दुसऱ्या दिवशी शेजारून रोडगे येतात. आमचा शेजार चांगला आहे.

आज वर्ग सुटताना अंकुर म्हणाला, “सर, त्या तहसीलदाराचं पुढं काय झालं?” मी म्हटलं, गोष्ट तिथेच संपते. तो म्हणाला, “मंग तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय लिहू? काई बदललं नाई, असंच लिहू काय?”

मी हो म्हणालो. त्याने वही उघडून माझ्यासमोर तसं लिहिलं आणि ती मी तपासायला घरी नेणार होतो त्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली.

२१ डिसेंबर, रविवार

आत्ता सहा वाजले आहेत. पाय भरून आले आहेत, पण आजचं आजच लिहितो.

सकाळी ज्योत्स्ना आठलाच निघून गेली. मी पांढरे कपडे घालून ओट्यावर बसलो. नऊच्या सुमारास दादाच्या मळ्याकडून गोवऱ्यांचा धूर वर चढताना दिसला. रोडगे भाजायला टाकले होते. बोलावणारा यायला अजून दोन तास होते. काही करायला नव्हतं म्हणून फळ्यावरचे तीन प्रश्न स्वतःलाच घातले. कोणाला काय हवं आहे? दादाला भाऊ हवा आहे. मलाही तोच. आड काय येतं? एक हाक. शेवटी काय बदललं? इथे अंकुरची वही डोळ्यांसमोर आली, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरातलं ‘काही बदललं नाही’. मला स्वतःची लाज वाटली. शिकवताना इतकं सोपं असतं हे.

उठलो. पांढरा सदरा काढून जुना घातला. नवा दुपट्टा कपाटाच्या तळाशी घडीसकट पडून होता, तो कमरेला बांधला. बादली उचलली आणि गल्लीतून, दादाच्या घरावरून, सरळ मळ्यात गेलो. रस्त्यात मदनसिंग भेटला. बादलीकडे पाहिलं आणि रामराम घालून पुढे गेला. मी त्याचे आभार मानले पाहिजेत.

दादा आंब्याखाली खाटेवर बसून होता. फार बारीक झाला आहे. मी येताना दिसलो तरी उठला नाही, हाक मारली नाही. जवळ गेल्यावर म्हणाला, “वरणात मीठ पाह्य बरं. मले आता चव समजत नाई.”

मी ओगराळ्याने हातावर घेऊन चाखलं. “कमी हाय,” म्हणालो. वर्षानुवर्षं मुख्याध्यापकाची भाषा बोलणारी जीभ आपोआप घरी परतली होती.

“मंग टाक,” तो म्हणाला.

चुलीपलीकडे बायका रोडगे राखेतून काढून झटकत होत्या. त्यांत ज्योत्स्ना होती. हात कोपरापर्यंत पिठाचे. मला पाहून ती दचकली नाही, मीच दचकलो. म्हणजे मैत्रीण ती ही, आणि वांग्यांचा बाजार तो हा. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. नऊ वर्षं माझ्या घरात काय चाललंय हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

तीन पंगती वाढल्या. बादली भरली की जड होते, आणि अडुसष्टाव्या वर्षी वाकून वाढणं म्हणजे गंमत नाही. दुसऱ्या पंगतीत माझा अर्धा वर्ग बसला होता. राधिकाच्या पत्रावळीवर वरण घालताना ती म्हणाली, “सर, थोडंच.” मी भरपूर वाढलं. पुढे अंकुर बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, “सर, वही उद्या परत द्या. तिसरं उत्तर खोडायचं हाय.”

चार वाजता गाव जेवून गेलं. घरच्यांची शेवटची पंगत बसली. दादा काठी टेकत येऊन बसला, आणि काठी डाव्या बाजूला होती ती उचलून उजवीकडे ठेवली. डावीकडे जागा झाली. बस असं काही म्हणाला नाही. मी बसलो.

निम्मा रोडगा खाऊन झाल्यावर मी विचारलं, “दादा, इतके वर्षं वरण तूच वाढत होता म्हणे. गुडघे असे, अन् एखादा पोरगा नाई लावता आला?”

“बादली तुह्यापाशी होती,” तो म्हणाला. “सैपाकाच्या गंजातूनच वाढून राह्यलो.”

“दुसरी बादली आणाची होती.”

“कायले? एक हाय ना आपल्याले.”

मला रडू आलं. वरण गरम आहे असं म्हणालो. वरण केव्हाच गार झालेलं होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. दादाने तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते राधिकाची वही काढली. चार खोडून दहा केले. ‘आधार?’ च्या पुढे लिहिलं, ‘मिळाला.’ अंकुरचे सहाच ठेवले आहेत, तो खोडून नवं काय लिहितो ते पाहून ठरवीन.

बादली मी परत घेऊन आलो. ज्योत्स्ना म्हणाली, “तिथंच ठेवाची होती ना, त्याइचीच हाय.”

मी म्हटलं, “राहू दे इथंच. पुढच्या वर्षी घासून न्यावी लागन.”